आतला बैल

डिसेंबरातल्या एका रविवारी भाचीने जेवणाच्या टेबलाची खुर्ची उचलून हॉलच्या मधोमध मांडली, माझ्या कोल्हापुरी चपला समोर फरशीवर ठेवल्या, त्यांवर पाय टेकवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकटक बघत बसली. डावी चप्पल चार बोटं पुढे सरकायची, तेवढीच उजवी मागे यायची. मग उलट. मध्येच टाच न उचलता ती नुसता चवडा दाबायची. तोंडाने पुटपुटणं चालूच. बायको चहा घेऊन आली. तिने आधी भाचीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कप टेबलावर ठेवून काही न बोलता आत गेली.

भाची बारामतीला विमान चालवायला शिकते. आईबाबा नांदेडला, त्यामुळे सुट्टी मिळाली की ती आमच्याकडे पुण्यात येते, दोन दिवस झोपते, मामीच्या हातचं खाते आणि परत जाते. त्या रविवारी मात्र झोप बाजूला राहिली होती.

"मामा, समजा विमान जमिनीवर आहे, टॅक्सीवेवर, म्हणजे धावपट्टीकडे जायच्या रस्त्यावर. डावीकडे वळायचंय. तुम्ही काय कराल?"

"स्टिअरिंग डावीकडे फिरवीन."

"गेलात गवतात," ती म्हणाली आणि पुन्हा कॅलेंडरकडे बघायला लागली.

हे मला लागलं. का लागलं ते सांगायला हवं. मी ब्रेकवाला आहे. भोसरीत एकतीस वर्षं ब्रेकच बनवले. आधी तीनचाकी टेम्पोंचे ड्रम, मग मोटारींचे डिस्क, शेवटची काही वर्षं टेस्ट रिगवर. माझ्या लग्नाची पत्रिका सोडता माझ्या आयुष्यात असा एकही कागद नाही ज्यावर कुठे ना कुठे ब्रेक हा शब्द आला नसेल. चाकं असलेली कुठलीही वस्तू कशी वळते नि कशी थांबते हे मला वीस वर्षांच्या पोरीने, तेही माझ्याच चपलांवर पाय ठेवून शिकवावं?

पण शिकवलं खरं.

भाची शिकते ते सेस्ना १७२, जगात सगळ्यात जास्त संख्येने बनलेलं विमान. १९५५ मध्ये पहिल्यांदा उडालं, आजवर चव्वेचाळीस हजारांहून जास्त तयार झाली. त्याच्या पायलटसमोर जे असतं ते दिसायला स्टिअरिंगच, फक्त वरचा भाग कापून टाकल्यासारखं. माणूस त्यालाच फसतो. ते फिरवलं की पंखांच्या मागच्या कडेला बसवलेल्या दोन फळ्या हलतात, एलेरॉन म्हणतात त्यांना, एक वर जाते नि दुसरी खाली. हवेत त्याने विमान कलतं. जमिनीवर, माणसाच्या चालीने सरकताना, त्या फळ्यांना वारा विचारतसुद्धा नाही. भाचीच्या बॅचमध्ये ज्यांना मोटार उत्तम येत होती त्यांचेच हात सगळ्यात जास्त वळवळले म्हणे. पाय गप्प आणि हात गरागरा, आणि विमान आपल्या मनाने पिवळ्या रेघेपासून दूर. शेवटी इन्स्ट्रक्टरने तिला दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायला सांगितलं. इंजिनाचा जोर कमीजास्त करणारा थ्रॉटल त्याने स्वतःकडे घेतला आणि तिला नुसत्या पायांनी अख्खा टॅक्सीवे पार करायला लावला. मला हा माणूस न बघताच आवडला. आमच्या शॉपफ्लोअरवरही नव्या पोराच्या हातातला स्पॅनर काढून घेतला की तो पहिल्यांदा नीट बघायला लागायचा.

तर पायाखाली दोन पेडल. मोटारीतल्यासारखी नाहीत, ही एकमेकांना जोडलेली, तराजूच्या पारड्यांसारखी. डावं पुढे ढकललं की उजवं मागे येतं. त्यांचं मुख्य काम शेपटीवरचा रडर, म्हणजे डावीउजवीकडे फिरणारी उभी फळी, हलवण्याचं. सेस्नामध्ये त्याच पेडलांकडून एक सांधा नाकाखालच्या चाकाकडे जातो, म्हणजे डावं पेडल पुढे गेलं की रडरही डावीकडे आणि नाकाचं चाकही डावीकडे. आता गंमत अशी की हा सांधा कडक दांड्याचा नाही, मध्ये स्प्रिंग आहे. पाय आत्ता दाबला की नाक क्षणभराने वळतं. नवशिक्याला वाटतं, वळलं नाही. तो आणखी दाबतो. मग नाक भसकन वळतं. मग तो घाबरून दुसरा पाय दाबतो. विमान नागमोडी चालायला लागतं. क्लचची केबल सैल झालेली स्कूटर ज्याने चालवली आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. हे सगळं वळवणं मिळून नाकाचं चाक दोन्ही बाजूंना साधारण १० अंशच फिरतं. दहा अंशांत वळायचं तर आमच्या सोसायटीचं पार्किंग सोडा, स. प. महाविद्यालयाचं मैदानही पुरायचं नाही.

इथे चवडे कामाला येतात. त्याच पेडलाचा वरचा भाग चवड्याने पुढे कलतो, आणि तो ब्रेक. डाव्या पेडलाचा वरचा भाग म्हणजे डाव्या चाकाचा ब्रेक, उजव्याचा उजव्या चाकाचा. पाय पूर्ण ढकलायचा आणि वर त्याच पायाचा चवडा हलकेच दाबायचा, की आतलं चाक अडतं, बाहेरचं फिरत राहतं, आणि नाकाचं चाक ओढलं जाऊन ३० अंशांपर्यंत वळतं. मग सेस्ना सुमारे ८ मीटरच्या त्रिज्येत फिरते. पंखांचा पसारा ११ मीटर, हे लक्षात घेतलं तर ती जवळजवळ जागच्या जागी फिरली म्हणायची.

मी चहा तसाच ठेवून विचारलं, "म्हणजे डाव्या नि उजव्या ब्रेकचा एकमेकांशी काही संबंध नाही?"

"काहीच नाही. दोन वेगळे मास्टर सिलेंडर, दोन वेगळ्या लाइनी."

मला रात्री झोप लागली नाही, यात अतिशयोक्ती थोडीशीच आहे.

माझ्या धंद्यात एक तक्रार सगळ्यात वाईट. ब्रेक कमी लागतो ही नव्हे, आवाज येतो ही तर नव्हेच. सगळ्यात वाईट तक्रार म्हणजे "ओढते". ब्रेक दाबला की गाडी एका बाजूला ओढते. त्यात माणसं दुभाजकावर जातात. डावीकडचं नि उजवीकडचं चाक सारख्याच जोराने अडलं पाहिजे, यासाठी माझं अर्धं आयुष्य गेलं. रोलर टेस्टरवर गाडी चढवायची, दोन काटे बघायचे, आणि ते काटे जुळ्या भावांसारखे हलले नाहीत तर गाडी परत. मोटारीत दोन स्वतंत्र ब्रेक सर्किट असतात, एक निकामी झालं तर दुसरं उरावं म्हणून. पण ती डावं आणि उजवं अशी कधीच नसतात. बऱ्याच छोट्या मोटारींत ती तिरकी असतात: पुढचं डावं मागच्या उजव्याबरोबर, पुढचं उजवं मागच्या डाव्याबरोबर. का? एक सर्किट गेलं तरी उरलेल्याने गाडी भिरकावू नये. एखाद्या पोराने माझ्यासमोर डावं एक सर्किट, उजवं एक सर्किट असं ड्रॉइंग आणलं असतं तर मी त्याला परत कॉलेजात पाठवलं असतं.

एका छोट्या मालवाहू गाडीचा लॉट एकदा डावीकडे ओढायला लागला होता. चार महिने आम्ही त्याच्या मागे होतो. पहाटे साडेपाचला आळंदी रस्त्यावर गाडी काढायची, साठला न्यायची, स्टिअरिंग सोडून ब्रेक दाबायचा आणि डोळे मिटायचे नाहीत एवढी खबरदारी घ्यायची. शेवटी कारण निघालं ते लायनरच्या, म्हणजे ब्रेकमध्ये घासणाऱ्या थराच्या, दोन वेगवेगळ्या बॅचा एकाच गाडीला लागल्याचं. स्टोअरमधल्या कुणीतरी दोन खोकी शेजारी ठेवली होती, बस. साहेबांनी त्या चार महिन्यांचं पगारवाढीत काय केलं ते इथे लिहीत नाही.

आणि इथे एक यंत्र, ज्यात ओढणं हीच रीत. ज्या दोषाला मी एकतीस वर्षं काठी घेऊन हाकललं, त्याला या लोकांनी घरात घेऊन त्याच्या हातात किल्ल्या दिल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला जाताना मला आजोबांची बैलगाडी आठवली. हे आधीच आठवायला हवं होतं. बैलगाडीला वळणारं चाक कुठे असतं? एक कणा, दोन चाकं, कण्याला घट्ट काटकोनात दांडी, पुढे जू. बांधाच्या कोपऱ्यावर आजोबा आतल्या बैलाचा कासरा नुसता ताणून धरायचे. आतला बैल जागच्या जागी पाय टाकत राहायचा, बाहेरचा बैल मोठी फेरी घालायचा, आणि गाडी वळायची. लहानपणी मला वाटायचं की बाहेरचा बैल गाडी वळवतो, कारण चालताना तोच दिसायचा. आजोबा म्हणायचे, बाहेरचा कुठलाही चालतो रे, आतला शहाणा लागतो. आतल्या जागेवर कुठला बैल जुंपायचा यावर त्यांचा नि काकांचा वाद व्हायचा.

जानेवारीत भाचीला सोडायला मीच बारामतीला गेलो. गाडी चालवायची हौस हे सांगितलेलं कारण. हडपसर ओलांडून सासवड रस्त्याला लागलं की ग्लायडिंग सेंटरचं मैदान लागतं. शाळेत असताना सायकलवरून आम्ही तिथे यायचो, कुंपणाबाहेरून बघायला. विंचची तार ग्लायडरला खेचायची, तो पतंगासारखा उभा चढायचा, तार सुटून खाली पडायची, आणि मग काही आवाजच नाही. उतरताना मजा. पोटाखाली एकच चाक, दोन बाजूंना लांबलचक पंख. वेग असेपर्यंत तोल राहायचा, मग दमलेल्या माणसाने कुशीवर व्हावं तसा तो एक पंख जमिनीला टेकवायचा. त्याला जागेवर न्यायचं तर माणसं धावत यायची. एक जण पंखाचं टोक धरून उभा राहायचा, बाकीचे ढकलायचे, आणि जो टोक धरून थांबला असेल त्याच्याभोवती सगळं धूड फिरायचं. तेव्हा मला त्यात काही दिसलं नाही. आता रस्त्यातच गाडी कडेला घेऊन भाचीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "मामा, मागे बस हॉर्न देतेय."

दिवे घाट चढून सासवड, जेजुरी, मोरगाव. पालखी याच घाटाने वर जाते आणि माउलींच्या रथाला तेव्हा जादा बैलजोड्या लावतात. बारामतीच्या बाजूला ऊसतोड चालू होती. एका शेतात ट्रॅक्टर नांगरत होता, आणि यावेळी मी खरंच थांबलो. ट्रॅक्टरला ब्रेकची पेडल दोन असतात, शेजारी शेजारी, डाव्या मागच्या चाकाचं वेगळं, उजव्याचं वेगळं. रस्त्यावर आणताना एक खटका लावून ती जोडायची, म्हणजे दोन्ही एकदम दाबली जातात. शेतात खटका काढून टाकायचा. बांधापाशी आला की तो शेतकरी स्टिअरिंग फिरवायचा आणि त्याबरोबर एकच पेडल दाबायचा, आणि ट्रॅक्टर एका मागच्या चाकावर गर्रकन फिरून पुढच्या तासाला लागायचा. शेतात विमान, रस्त्यावर मोटार. एका खटक्यात. तो खटका लावायला विसरून भर रस्त्यात एकाच पायाने ब्रेक मारणाऱ्यांचे ट्रॅक्टर पालथे झालेले मी धंद्याच्या निमित्ताने बघितले आहेत, त्यामुळे माझ्या तोंडून कौतुक जरा बेतानेच निघालं.

विमानतळावर भाचीने ओळख काढून मला हँगरपर्यंत नेलं. जवळून बघितलेलं विमान फार लहान वाटतं. मोटारीशेजारी उभं केलं तर वजनात बरोबरीचं, टनभर, फार तर वर शे-दीडशे किलो, पण पत्रा टिचकी मारली तर वाजेल असा. मी थेट चाकापाशी उकिडवा बसलो. ताटलीएवढी एक डिस्क. साधी, आत हवेच्या खाचा वगैरे काही नाही. तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारा कॅलिपर मुठीएवढा. आणि लायनर रिव्हेट मारून बसवलेले! मोटारीच्या पॅडवर मटेरियल चिकटवलेलं असतं. रिव्हेट मी ट्रकच्या ब्रेक शूवर बघितले होते, नाना पेठेतल्या गल्लीत ठोकून देणारी माणसं होती त्यांचे. इतक्या वर्षांनी जुना शेजारी भेटावा तसं झालं.

देखभालीचा इंजिनिअर पेडलांजवळ वाकून मास्टर सिलेंडरमध्ये तेल भरत होता. लालभडक तेल. मी म्हणालो, "पॉवर स्टिअरिंग पण आहे का याला?" कारण आमच्याकडे लाल म्हणजे पॉवर स्टिअरिंगचं नाहीतर ऑटो गिअरचं. तो म्हणाला, "हे ब्रेकचंच ऑइल. मिनरल."

माझ्या पोटात गोळा आला. सांगतो. मोटारीचं ब्रेक ऑइल हे नावालाच ऑइल, मुळात ते ग्लायकॉल. त्याला चालणारं रबर वेगळं. त्या रबराला मिनरल तेलाचा थेंब लागला तर ते फुगतं, पिस्टन अडकतो, ब्रेक निकामी. आमच्या असेंब्लीत ज्या पोराच्या हाताला ग्रीस असेल त्याला दारातूनच परत पाठवायचे. आणि हा माणूस शांतपणे डब्यातून मिनरल तेल ओतत होता. त्याने मग समजावलं, की यांची रबरं दुसरी, नायट्राइलची, त्यांना हेच तेल लागतं, आणि तुमचं डॉट-४ यात टाकलं तर उलटी बोंब. म्हणजे माझं ज्ञान बरोबरच होतं, फक्त ते दारापर्यंतचं होतं. तेलाचं नाव मिल-एच-५६०६; लाल रंग मुद्दाम, गळती चटकन दिसावी आणि ओळख चुकू नये म्हणून.

बूस्टर नाही. म्हणजे इंजिनाच्या मदतीने पायाचा जोर वाढवण्याची सोय नाही. चवड्यात जेवढा जोर तेवढाच ब्रेक. एबीएस नाही. आणि नाकाच्या चाकाला ब्रेकच नाही. हे मला पचायला वेळ लागला. मोटारीत निम्म्याहून जास्त ब्रेक पुढची चाकं लावतात, कारण ब्रेक मारला की वजन पुढे येतं. इथे पुढचं चाक म्हणजे एका बारीक काठीवर उभं, लाजाळू, वळण्यापुरतं. हवेत गेलं की ही काठी लांब होते आणि चाक आपोआप सरळ अडकून बसतं, म्हणजे उतरताना पायाने रडर कितीही मारला तरी चाक वाकडं नसावं. थरथरू नये म्हणून त्याला एक छोटा डँपर जोडलेला. मॉलमधल्या ट्रॉलीचं एक चाक जसं फडफडतं ना, तसं हे धावपट्टीवर फडफडू लागलं तर डॅशबोर्डवरचं काही वाचता येत नाही, असं भाची म्हणाली.

त्यांनी मला डाव्या सीटवर बसू दिलं, इंजिन बंद, चाकांना ठोकळे लावलेले. मी पाय ठेवले आणि नकळत दोन्ही चवडे पेडलांच्या वरच्या भागावर गेले. एकतीस वर्षांची सवय.

"टाचा खाली," भाची म्हणाली. आवाज इन्स्ट्रक्टरचा होता.

टाचा खाली का, याची तिला किंमत मोजावी लागली होती. सुरुवातीच्या उतरण्यांपैकी एकीत तिचे पाय पेडलांवर वर सरकलेले राहिले. चाकं जमिनीला लागली तेव्हा ब्रेक आधीच दाबलेले. टायर फिरलाच नाही, घासला. तळहाताएवढा सपाट डाग पडला त्याला, आणि इन्स्ट्रक्टरने तिला खाली उतरवून त्या डागावर हात ठेवायला लावला. ओरडला नाही म्हणे. मी असतो तर ओरडलो असतो, आणि तिथेच माझ्यात नि त्याच्यात फरक.

टायर घासतो याचं कारण मला मात्र तिच्या आधी समजलं, तेवढाच माझा मान राहिला. सेस्ना पन्नास नॉटच्या आसपास टेकते, म्हणजे ताशी ९० किलोमीटरच्या घरात. एक्स्प्रेस वेवरच्या छोट्या मोटारीएवढं वजन, तेवढाच वेग. जिरवायची ऊर्जाही तेवढीच. पण मोटारीचं सगळं वजन चाकांवर असतं. विमान टेकतं त्या क्षणी त्याचं बरंचसं वजन अजून पंखांनीच उचललेलं असतं. चाकांवर वजन नाही म्हणजे टायरला पकड नाही, आणि पकड नाही तिथे ब्रेक मारणं म्हणजे ओल्या फरशीवर धावणं. वेग निम्मा झाला की पंखांची उचल चौथाईवर येते. तेव्हा कुठे चाकांत जीव येतो. म्हणून थांबायचं, समोरचं कापलेलं स्टिअरिंग पोटाशी ओढून शेपटीला वजन द्यायचं, नाकाचं चाक हलकं ठेवायचं, आणि मग दोन्ही चवडे, हळू, सारखे. इथे, फक्त इथे, माझ्या रोलर टेस्टरचा कायदा लागतो: डावं नि उजवं सारखं.

धावपट्टी लांब असेल तर ब्रेक लावूच नये, असं तिला शिकवलंय. हवा थांबवते, घर्षण थांबवतं, आपण नुसतं सरळ ठेवायचं. टॅक्सी करतानाही, म्हणजे जमिनीवर विमान चालवत नेतानाही, तेच. वेग वाढतोय असं वाटलं की आधी थ्रॉटल मागे, मग ब्रेक. इंजिन जोरात ठेवून ब्रेकने आवरत जाणं हा तिकडचा मोठा गुन्हा. ताटलीएवढी डिस्क ती, तापली की संपलं. खरी गरज पडेल तेव्हा पाय खोलात जाईल आणि काही होणार नाही. टॅक्सीचा वेग माणसाच्या भरभर चालण्याएवढा. मी म्हटलं, संध्याकाळी लक्ष्मी रोडवर याहून जास्त वेग कुणाला मिळतो?

सगळीच विमानं सेस्नासारखी नसतात. डायमंड कंपनीची काही विमानं आणि सिरसची, यांच्या नाकाचं चाक पेडलांना जोडलेलंच नसतं. मोकळं, ट्रॉलीच्या चाकासारखं, जिकडे ओढाल तिकडे वळणारं. तिथे हळू असताना वळवायला नुसते ब्रेक, आणि वेग आला की रडर. एक ब्रेक गेला तर त्या बाजूला वळणं गेलं. वारा बाजूचा असेल तर आणखी मजा: शेपटीचा उभा पडदा वाऱ्याला सापडतो आणि नाक वाऱ्याकडे जाऊ बघतं, मग सरळ जाण्यासाठी एकच चवडा सारखा टपटप दाबत राहायचा आणि ती एकच डिस्क भाजत राहायची. अशा विमानांत काहींच्या ब्रेकवर तापमान दाखवणारा स्टिकर लावलेला असतो. मला ही रचना ब्रेकवर अन्याय वाटते. भाचीला ती आवडते, कारण जागच्या जागी फिरता येतं.

जुनी विमानं शेपटीला चाक असलेली. आपल्या एचएएलचं पहिलं स्वतःचं विमान, १९५१ मध्ये उडालेलं एचटी-२, तसंच. नाक वर, समोरचं काही दिसत नाही, म्हणून नागमोडी टॅक्सी करायची आणि खिडकीतून पुढचा रस्ता बघायचा. त्यांचं वजन मुख्य चाकांच्या मागे असतं, त्यामुळे जरा वाकडं झालं की मागचा भार पुढे यायला धावतो आणि विमान स्वतःभोवती गिरकी घेतं. हातगाडी ओढत नेली तर मागून मुकाट येते, उतारावर पुढे ढकलत नेली तर हात सुटताच आडवी होते, तसं. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाला ब्रेकची पेडलंच नव्हती. पायलटच्या हातातल्या काठीला सायकलसारखी एक तरफ, ती हाताने दाबायची, आणि हवेच्या दाबाचा ब्रेक कुठल्या चाकाला जास्त द्यायचा ते पाय ठरवायचे. आपल्या मिग-२१ लाही हीच पद्धत होती. जोर हातात, फरक पायात. हे ऐकून मी लगेच म्हणालो, कासरा! भाचीने डोळे फिरवले. बैलगाडीची गोष्ट तिने तोवर तीनदा ऐकली होती.

पण एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती, आणि ती मी परतीच्या वाटेवर राखून ठेवली होती. तिला दोन दिवसांची सुट्टी निघाली, त्यामुळे सोडायला गेलेला मी तिला घेऊनच परत निघालो होतो. एबीएस मोटारीत आधी आलं असं सगळे समजतात. उलट आहे. चाक घसरायला लागलं की ब्रेक क्षणभर सोडणारं डनलॉपचं मॅक्सारेट नावाचं यंत्र १९५० च्या दशकातच विमानांना लागत होतं. मोटारीत ते १९६६ मध्ये जेन्सन एफएफला मिळालं, आणि बॉशचं इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजमध्ये आलं १९७८ ला. आपल्याकडे १२५ सीसीवरच्या मोटारसायकलींना एबीएस सक्तीचं झालं ते २०१९ मध्ये. म्हणजे जे आम्ही भोसरीत नवीन म्हणून पेढे वाटून शिकत होतो, ते विमानांनी वापरून जुनं केलं होतं. फक्त मोठ्या विमानांनी. तिच्या सेस्नाला ते आजही नाही. तिथे एबीएस म्हणजे तिचा चवडा.

"पुढे एअरलाइनमध्ये गेले की पायाने एवढं नाही वळवायचं," ती म्हणाली. "कॅप्टनच्या डाव्या हाताशी छोटं चक्र असतं, टिलर. पार्किंगमध्ये त्याने वळवतात. पेडलांनी नाकाचं चाक थोडंसंच वळतं."

"म्हणजे शेवटी हातच."

"हो. पण तोवर पाय शिकलेले असतील."

जेजुरीपर्यंत ती बोलत होती. सासवडला चहा घेतला. दिवे घाटाच्या तोंडाशी पोचलो तेव्हा ती झोपली होती, डोकं काचेला टेकवून. खाली मस्तानी तलावात थोडं पाणी चमकत होतं. पुढे वाळूचा ट्रक होता आणि त्याच्या लायनरचा जळका वास काचा बंद असूनही आत आला. मी गाडी दुसऱ्या गिअरला घेतली, पाय ब्रेकवरून काढला आणि टाच मॅटवर टेकवली.

पहिलं मोठं वळण डावीकडे होतं. तिच्याकडे एकदा बघितलं. दोन्ही टाचा खाली टेकलेल्या, चवडे सैल. गाडी वळायला लागली तसा तिचा डावा पाय मॅटवरून चार बोटं पुढे सरकला, आणि उजवा तेवढाच मागे आला.